एक रात्र जास्त द्या : हिमालयात ‘सोपे ट्रेक’ नेणाऱ्या संयोजकांना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

हे पत्र कुणा एका संस्थेला नाही. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून दर मोसमात आमच्यासारख्या हौशी माणसांना हरिद्वारपर्यंत रेल्वेनं आणि पुढे टेम्पो ट्रॅव्हलरनं वर घेऊन जाणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे. ज्यांच्याबरोबर माझा अनुभव वाईट होता त्यांचं नाव इथे घेणार नाही. त्यांना वेगळं लिहिलंय. आणि खरं सांगायचं तर त्यांनी जे केलं तेच बाकीचेही बरेच जण करतात, फक्त त्यांच्या वाट्याला माझी वहिनी आली नाही.

मी ५९ वर्षांची. बँकेतून निवृत्त झाले त्याच्या कितीतरी आधीपासून रविवारी सकाळी सिंहगड ठरलेला. आतकरवाडीतून वर जायला मला सव्वा तास लागतो. पोरं चाळीस मिनिटांत जातात आणि वर घड्याळ दाखवत बसतात. सिंहगड नेमाने चढणाऱ्या माणसाला एक गुर्मी असते, मलाही आहे. ‘दर आठवड्याला चढतो हो आम्ही,’ हे आम्ही तुमच्या फॉर्मवरच्या ‘पूर्वानुभव’ या रकान्यात ठसक्यात लिहितो, तुम्ही ते वाचून निर्धास्त होता, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सिंहगडाचा माथा १३०० मीटरच्या थोडा वर. आपल्या राज्यातलं सगळ्यांत उंच टोक कळसूबाई, ते १६४६ मीटर. उत्तराखंडातल्या चोपत्याला तुम्ही आमच्या सॅक उतरवता ती जागा कळसूबाईच्याही वर हजार मीटर आहे. म्हणजे पहिलं पाऊल टाकायच्या आतच आम्ही अशा उंचीवर झोपलेलो असतो, जी आख्ख्या महाराष्ट्रात कुठेच नाही. तिथून फरसबंदी वाटेनं साडेतीन-चार किलोमीटर चाललं की तुंगनाथाचं देऊळ, साडेतीन हजार मीटरांच्या घरात. त्याच्याही वरचा माथा म्हणजे चंद्रशिला. तिथे एका श्वासाला मुंबईतल्या श्वासाच्या जेमतेम ६५ टक्के ऑक्सिजन मिळतो. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून देवळाखालच्या ढाब्यावर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. उघड्या पातेल्यात डाळ शिजायची म्हणजे दुपार उलटायची. सिंहगडानं पाय तयार होतात, गुडघे कुठवर साथ देतील ते कळतं. विरळ हवेची सवय मात्र त्या हवेत रात्री काढूनच होते. ते काम कुठलाही गड करून देत नाही, राजगड नाही आणि हरिश्चंद्रगडही नाही.

आता झालं काय ते सांगते.

ऑक्टोबर होता. आम्ही २६ जण, त्यात मी आणि माझी थोरली जाऊ. मी तिला वहिनीच म्हणते. ती तेव्हा ६४ वर्षांची. गुडघे माझ्यापेक्षा बरे, रक्तदाबाची एक गोळी, बाकी काही नाही. सकाळी सहाला हरिद्वार सोडलं. सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता, पण तो डोंगरातला. देवप्रयाग, गढवालमधलं श्रीनगर, रुद्रप्रयाग, वाटेत दोनदा दरडीचा राडा काढेपर्यंत थांबणं. चोपत्याला पोहोचायला रात्रीचे साडेनऊ वाजले. ३०० मीटरवरून २७०० मीटरच्या आसपास, एका दिवसात, तेही वळणावळणांवर पोटातलं सगळं ढवळून निघालेलं. खिचडी समोर आली तर वहिनीनं दोन घासांत ताट सारलं. डोकं जड झालंय म्हणाली. मी म्हटलं, गाडी लागली असेल.

जेवणानंतर लीडरनं सूचना दिल्या. पोरगा चांगला, पंचवीस-सव्वीसचा, नम्र. ‘पहाटे तीनला शिट्टी. सूर्योदय आपण चंद्रशिलेवर पाहणार. ट्रेक एकदम सोपा आहे, काका-काकू सगळे करतात.’

तीनला शिट्टी झाली. हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्याचे बूट तेवढे दिसत होते. दगडांवर दव गोठून काचेसारखं झालेलं. मी पुढच्या घोळक्यात होते, आणि हे मी कबूल करते की मला पुढे राहायचं होतं. सिंहगडाची सवय. वहिनी मागे आहे, तिच्याबरोबर कुणीतरी असेलच, हे मी गृहीत धरलं. देवळापाशी पोहोचल्यावर माणसं मोजली तेव्हा ती नव्हती. लीडरला विचारलं तर म्हणाला, ‘त्यांना जरा मळमळत होतं, खालच्या टपरीपाशी बसवलंय. उतरताना घेऊ.’

टपरी बंद होती. सगळ्यांच्या शेवटी चालणारा माणूस तुमच्या त्या बॅचला नव्हताच. पहाटेच्या अंधारात, शून्याच्या आसपासच्या थंडीत, ओकारी काढून बसलेली ६४ वर्षांची बाई प्लॅस्टिक बांधलेल्या टपरीच्या बाकावर जवळजवळ पावणेदोन तास एकटी होती. उजाडायच्या सुमाराला टपरीवाला खेचर घेऊन वर आला. त्यानं तिच्या अंगावर घोंगडी टाकली, चूल पेटवली, गरम पाणी दिलं आणि आपल्या मुलाला सोबत देऊन तिला खाली पाठवलं. चहाचे पैसे घेतले नाहीत. डोकेदुखी मात्र ऊखीमठाला उतरेपर्यंत थांबली नाही.

रात्री ग्रुपवर मेसेज आला : ‘ट्रेक सक्सेसफुल, सगळे सुखरूप.’ खाली अंगठे.

खरंच, काही झालं नाही. बहुतेक वेळा काही होत नाहीच, आणि म्हणूनच तुमचं वेळापत्रक वर्षानुवर्षं तसंच छापलं जातं. पण जरा घड्याळ मांडून बघा. उंचीचा त्रास साधारणपणे पोहोचल्यापासून सहा ते बारा तासांत डोकं वर काढतो. डोकेदुखी, मळमळ, अन्नावर वासना नाही, झोप नाही. रात्री साडेनऊला पोहोचलेल्या माणसाला तो कधी गाठणार? पहाटे साडेतीनच्या पुढे. म्हणजे ज्या घटकेला शरीर ‘आता थांब’ म्हणायला लागतं, नेमक्या त्याच घटकेला तुमची शिट्टी वाजते. वर अंधार, गोठलेली वाट, तीन तासांची झोप, रिकामं पोट. याला सोपं कसं म्हणायचं? तीच वाट, तोच चढ, तीच माणसं. सकाळी सातला, दोन रात्री वर काढून, नाश्ता करून निघाली तर ती खरंच सोपी आहे. सोपेपणा वाटेवर कमी आणि वेळापत्रकात जास्त असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, करून सांगते. पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर आम्ही दोघी आणि माझी भाची, अशा तिघीच पुन्हा गेलो. वहिनीनंच काढलं, ‘तुंगनाथ बघायचाच राहिला गं.’

पहिली रात्र ऊखीमठ. साधारण १३०० मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्याएवढं. शरीराला काही कळतसुद्धा नाही. ती रात्र ‘फुकट’ जात नाही बरं का. तिथलं ओंकारेश्वराचं देऊळ म्हणजे केदारनाथ आणि मध्यमहेश्वर दोघांची हिवाळ्यातली गादी. संध्याकाळची आरती निवांत मिळाली, मे महिन्यात केदारनाथला उसळलेल्या गर्दीचा मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी सारी गाव, तिथे एका घरात मुक्काम, आणि देवरियाताल. गावातून अडीच-एक किलोमीटर चढ, वर २४३८ मीटरवर तळं. यक्षानं युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते हेच तळं, असं तिथले लोक सांगतात. आम्ही सकाळी लवकर पोहोचलो तेव्हा वारा नव्हता आणि ७१३८ मीटरचा चौखंबा पाण्यात उलटा उभा होता. वहिनी काठावर तासभर बसली. कुणी ‘चला चला’ म्हणालं नाही. तिसरी रात्र चोपता.

चौथ्या दिवशी सातला निघालो. ज्या वाटेवर मला आधी फक्त बूट दिसले होते ती वाट मी पहिल्यांदा पाहिली! खाली बुरांसची (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची) आणि खर्सू ओकची झाडी, मग झाडं बुटकी होत जातात, वाकतात, आणि एका ठिकाणी जंगल संपतंच. त्या काठावर जांभळट-पांढऱ्या फुलांचा झुडपी बुरांस भरात होता. त्यापुढे बुग्याळ, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, नुकतंच बर्फाखालून मोकळं झालेलं, अजून पुरतं हिरवंही न झालेलं गवत. दोन दगडांच्या मधून एक पिका डोकावला. बिनशेपटीच्या उंदरासारखा दिसतो, पण कूळ सशाचं. मोनाल मी आधी ऐकला आणि मग पाहिला, उतारावरून खाली झेपावताना, पाठीवर ऊन पडल्यावर कुठला रंग म्हणायचा तेच कळेना. उत्तराखंडचा राज्यपक्षी मोनाल, राज्यवृक्ष बुरांस, राज्यफूल ब्रह्मकमळ, राज्यप्राणी कस्तुरीमृग. चौघांचंही घर या डोंगरांत. १९७२ साली केदारनाथ अभयारण्य झालं ते मुख्यतः या कस्तुरीमृगासाठी, ९७५ चौरस किलोमीटर. त्यातून आम्ही २६ जण पहाटे मोबाइलवर गाणी लावून गेलो होतो, हे आठवून मला आता लाज वाटते.

तुंगनाथला पोहोचायला आम्हाला चार तास लागले. चंद्रशिलेवर गेलो नाही. वहिनी म्हणाली, ‘देव भेटला, आता वरचा दगड कशाला?’ भाचीला जायचं होतं, ती गेली आणि तासाभरात आली.

तिथल्या पुजाऱ्यांशी गप्पा मारताना एक गोष्ट कळली. हिवाळ्यात देऊळ बंद होतं तेव्हा तुंगनाथाची डोली खाली मक्कूमठाला जाते, आणि उन्हाळ्यात परत वर येते. ती एका दमात येत नाही. वाटेत मुक्काम करत येते, शेवटचा मुक्काम चोपता, आणि मग देऊळ. आपल्याकडे पालखी कुठे थांबणार हे ठरलेलं असतं आणि तो मुक्काम कुणी गाळत नाही; ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढल्यावर सासवडला थांबते, ‘चला, आजच जेजुरी उरकू’ असं कुणी म्हणत नाही. देवाला जी सवलत आहे ती आमच्या वहिनीला का नसावी, इतकंच विचारते.

म्हणून पहिली मागणी. जाहिरातीत ‘ईझी’, ‘मॉडरेट’ असं लिहू नका. त्याऐवजी प्रत्येक रात्री आम्ही किती मीटरवर झोपणार ते लिहा. हरिद्वार ३००, चोपता २७००. एवढे दोन आकडे शेजारी छापले की ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि डॉक्टरला दाखवायला काहीतरी हातात असेल. डॉक्टरांचं मार्गदर्शन साधं आहे : तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये, आणि सखल भागातून एका दिवसात २८०० मीटरच्या वर झोपायला जाऊ नये. चोपता या रेषेच्या अगदी कडेला आहे. तरुण, धडधाकट माणूस निभावून नेतो. पण तुम्ही ‘सोपा’ म्हणून जाहिरात करता तेव्हा तरुण, धडधाकट माणसं येत नाहीत, आम्ही येतो. ती तुमच्याकडून अवघड ट्रेक घेतात.

फुलांच्या घाटीचंही असंच. तिथली वाट मला तुंगनाथाहून जास्त आवडते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. घाटीखालचं मुक्कामाचं गाव घांघरिया, ३००० मीटरच्या थोडं वर. तिथून सकाळी निघायचं, पुष्पावती नदी ओलांडायची, एक खडा चढ, आणि मग दरी उघडते ती बराच वेळ जवळजवळ सपाट. ८७.५ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, १९८२ पासून. आत मुक्काम करता येत नाही, घोडा-खेचर नेता येत नाही, संध्याकाळच्या आत बाहेर पडावं लागतं. म्हणजे इथे दिवसाची सहल हाच कायदा आहे. चालवतच नसेल त्याला माणसाच्या पाठीवरच्या कंडीत, म्हणजे टोपलीत, बसून जाता येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. १९३१ साली कामेत शिखरावरून उतरताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती वाट वाकडी करून या दरीत उतरले आणि बाहेरच्या जगाला तिचं नाव कळलं. पुढे १९३९ मध्ये जोन मार्गरेट लेग ही वनस्पती गोळा करायला आलेली बाई इथेच कड्यावरून घसरून गेली. तिची समाधी दरीतच आहे, फुलांच्या मधोमध.

आता तुमचा कार्यक्रम बघा. एक दिवस घाटी, दुसऱ्या दिवशी हेमकुंड, तिसऱ्या दिवशी खाली. हेमकुंड म्हणजे शिखांचं तीर्थ, चार हजार मीटरांच्या वर, सहा किलोमीटर नुसता उभा चढ. ते ‘सोप्या’ सहलीत कुठून आलं? तर ‘एवढं लांब आलोच आहोत’ म्हणून. त्यापेक्षा घाटीत दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी माणूस धापा टाकत फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी तो खाली बसतो आणि मग त्याला दिसतं, की गुलाबी तेरड्याच्या ताटव्यात खाली अजून पाच-सहा प्रकारची फुलं आहेत. कास पठारावर गेलेल्या कुणालाही हे माहीत आहे. वाकल्याशिवाय तिथे काही दिसत नाही. हेमकुंड ज्याला करायचं तो करील. श्रद्धेनं जाणाऱ्यांविषयी मी बोलतच नाहीये.

तुम्ही म्हणाल, बाई, लोकांनाच सुट्टी नसते. हे खरं आहे, मला मान्य आहे. सहा दिवसांत चार ठिकाणं मागणारे आम्हीच. ‘किती पॉइंट होणार?’ हा पहिला प्रश्न आमचाच असतो, आणि शेजारच्या संस्थेच्या पत्रकात एक पॉइंट जास्त दिसला तर आम्ही तिकडे जातो. पण चार ठिकाणं कापून दोन ठेवा असं मी म्हणत नाही. एक सूर्योदय कापा, एक रात्र जोडा. त्या रात्रीचं भाडं आणि दोन जेवणं आमच्याकडून घ्या, उघड सांगून घ्या. पन्नाशीपुढची माणसं वेळेला कंजूष नसतात, उलट आमच्याकडे तेवढंच उरलेलं असतं. आमच्यासाठी वेगळी बॅच काढा. नाव ‘सीनिअर’ नका ठेवू म्हणजे झालं.

लीडर पोरांविषयी दोन शब्द. त्यांचा दोष मी फारसा धरत नाही. त्यांना वर किती जण पोहोचले याचाच हिशोब द्यावा लागतो. तो हिशोब बदला. सगळ्यांच्या शेवटी चालणारा माणूस हवाच, आणि तो सगळ्यांत नवखा नको, सगळ्यांत जाणता हवा. मागे फिरणाऱ्याबरोबर कुणीतरी खालपर्यंत गेलंच पाहिजे. माणूस झोकांड्या देत असेल, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालू शकत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर वाट न बघता खाली न्यायचं, रात्र असली तरी. हे त्यांना तोंडपाठ असायला हवं. आणि उंचीच्या त्रासावरची ती डायमॉक्सची गोळी पेपरमिंटसारखी वाटत सुटणं बंद करा. ते औषध आहे, सल्फाची ॲलर्जी असलेल्याला त्यानं त्रास होऊ शकतो. ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरला विचारून घरूनच ठरवून यावं. आणि माथ्यावर जाणाऱ्यांनाच मिळणारं ते प्रमाणपत्र. वहिनीला ते मिळालं नाही याचं तिला काही वाटलं नाही. मला मिळालं, याचं मला वाटतं.

अजून एक, कारण त्याचा संबंध आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी केली आणि रोजच्या माणसांची मर्यादा २०० वर आणली. तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी हळहळ व्यक्त केली होती, धंदा बसला म्हणून. बुग्याळातलं गवत वर्षातून जेमतेम पाच-सहा महिने वाढतं, बाकी बर्फाखाली. तंबूखाली ते पिवळं पडतं आणि पुन्हा धरायला त्याला वेळ लागतो. त्यामुळे खाली गावात झोपायचं, सकाळी वर जायचं, दुपारी उतरायचं, हीच यापुढची रीत आहे. आणि ती आमच्या वयाला, तुमच्या धंद्याला आणि सारीसारख्या गावातल्या घरांना, तिघांनाही सोयीची आहे. फक्त बॅच ४० ची नको. तुंगनाथाच्या वळणावळणाच्या वाटेवर मधून आडव्या पडलेल्या शॉर्टकटच्या जखमा बघा, त्या काही खेचरांनी केलेल्या नाहीत.

कचऱ्याबद्दल लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि आम्हालाही.

येत्या ऑगस्टमध्ये वहिनीला फुलांची घाटी बघायची आहे. तुमच्यापैकी कुणी घांघरियाला तीन रात्री, घाटीत दोन दिवस, हेमकुंड ऐच्छिक आणि पहाटेची शिट्टी नाही अशी सहल काढणार असेल तर आम्ही दोघी नक्की, भाची सुट्टी मिळाली तर. सिंहगडाच्या रविवारच्या कट्ट्यावरून अजून सात-आठ जणी सहज निघतील. रेल्वेचा खालचा बर्थ दोघींनाही लागेल, आणि वहिनीला रात्रीच्या जेवणात ताक.

आपली,
रविवारी आतकरवाडीच्या वाटेवर भेटणारी एक काकू